तिसऱ्याची जमीन

सैन्याचा तळ पडला की बाजार त्याच्या मागून चालत येतो. दाणेवाला, खाटीक, शिंपी, परीट, न्हावी, नालबंद, गवतवाली. पलटणी बदलतात, साहेब बदलतात, राज्येही बदलतात. बाजार एकदा बसला की उठत नाही. बंगळुरूचे शिवाजीनगर हे असे सैन्यामागून आलेले आणि सैन्य गेल्यावर मागे राहिलेले गाव. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. तिथे ठाण मांडून बसलेल्या इंग्रजी पलटणींना तापाने हैराण केले आणि १८०९ मध्ये छावणी उचलून इकडे, बंगळुरूच्या उंच, थंड माळावर आणली. तिच्या चाकरीला तमिळ मुलखातून कंत्राटदार आणि कारागीर आले, कच्छी मेमन व्यापारी आले, दखनी बोलणारी मुसलमान कुटुंबे आली. वस्तीला तेव्हा ब्लॅकपल्ली म्हणत. शिवाजीनगर हे नाव नंतरचे. रस्ते मात्र अजून कवायतीत उभे आहेत: इन्फंट्री रोड, आर्टिलरी रोड, ब्रिगेड रोड. कामराज रोडला जुने लोक आजही कॅव्हलरी रोड म्हणतात.

या शहरात राहायला आल्यापासून रविवारी सकाळी मी इथे येतो. रसेल मार्केटच्या विटांच्या कमानीखाली शिरावे, गुलाबांच्या ढिगांपासून बर्फावर मांडलेल्या बांगड्यांपर्यंत एक फेरी मारावी, मागच्या दाराने बाहेर पडावे, सेंट मेरीज बॅसिलिकाच्या मनोऱ्याखाली उभे राहून चहा घ्यावा. चार भाषा कानांवर पडत असतात आणि पाचवी, आपली, मनात चालू असते. हातात पिशवी असते आणि डोक्यात गेली काही वर्षे एकच विषय: १९०४-०५ सालचे रशिया आणि जपानचे युद्ध. मांचुरियातल्या त्या लढाईचा आणि या भाजीबाजाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मला इथेच, या रस्त्यांवर चालताना उमगत गेला.

१९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनर हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला. त्याने सगळ्या फौजेची नवी मांडणी केली. पलटणींना नवे क्रमांक दिले. आपल्या मराठा पलटणी ११०वी, ११४वी, ११७वी झाल्या त्या १९०३ मध्ये. या मांडणीचे तोंड एकाच दिशेला होते. हिंदुस्थानवर चाल करून येणारा शत्रू म्हणजे रशिया, तो अफगाणिस्तानातून येणार, म्हणून सारी फौज पेशावर आणि क्वेट्ट्याच्या दोन वाटांवर लवकरात लवकर लोटता आली पाहिजे. बंगळुरूची ब्रिगेडही त्याच नकाशात गोवलेली होती. इथल्या शिंप्याने शिवलेला खाकी अंगरखा आणि नालबंदाने ठोकलेला नाल त्या रशियासाठी होता. ब्लॅकपल्लीतल्या माणसाने रशियन कधी पाहिला नव्हता, पण त्याच्या चुलीवरचा भात रशियाच्या भीतीवर शिजत होता.

बंगळुरूच्या काही शिपायांनी मात्र रशियन आणि जपानी दोघेही जवळून पाहिले होते. अलसूर तळ्याच्या काठी ज्यांचे ठाणे आहे ते मद्रास सॅपर्स १९०० मध्ये चीनला गेले होते. बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंगमधल्या परदेशी वकिलाती सोडवायला आठ राष्ट्रांच्या फौजा एकत्र निघाल्या, त्यांत सर्वांत मोठी जपानची आणि खालोखाल रशियाची. शहराच्या तटापाशी आल्यावर ठरलेला बेत मोडून रशियन रातोरात एका वेशीवर चालून गेले. ते पाहून जपान्यांनी शेजारच्या वेशीवर मुसंडी मारली. दोघे वेशींवर रक्त सांडत असताना इंग्रजांकडचे हिंदी शिपाई तटाखालच्या गटारातून आत शिरले आणि वकिलातींपाशी आधी पोहोचले. त्या मोहिमेत सातव्या राजपूत पलटणीतला ठाकूर गदाधर सिंह होता. परत आल्यावर त्याने ‘चीन में तेरह मास’ हे पुस्तक हिंदीत लिहिले. विजयी फौजांनी चिनी माणसांची केलेली दैना पाहून त्याचे मन कसे कळवळले, ते त्यात आहे. तेव्हाच्या शिपायाने एवढे लिहिणे ही मोठी गोष्ट. जपान आणि रशिया चार वर्षांनी ज्या जमिनीसाठी एकमेकांच्या उरावर बसणार होते, तिच्या धन्याचे हाल या शिपायाने आधीच पाहून ठेवले होते.

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी टॉर्पेडो बोटींनी मांचुरियातल्या पोर्ट आर्थर बंदरात नांगरलेल्या रशियन जहाजांवर हल्ला केला. युद्धाची रीतसर घोषणा दोन दिवसांनी झाली. पुढचे दीड वर्ष महाराष्ट्र वर्तमानपत्राला डोळे लावून होता. लोकमान्यांचा ‘केसरी’ आणि शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ यांनी हे युद्ध वाड्यावाड्यांत नेले. ज्यांनी नकाशा पाहिला नव्हता त्यांच्या तोंडी मुकडेन आणि त्सुशिमा ही नावे आली. उत्तरेकडचेही तेच. चार्ल्स अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीला शिकवायला आले. खेड्यांतले लोक रात्री हुक्क्याभोवती बसून जपानच्या विजयाच्या गोष्टी करीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पंधरा वर्षांचे जवाहरलाल नेहरू मे १९०५ च्या अखेरीस इंग्लंडला उतरले, डोव्हरहून लंडनला जाणाऱ्या आगगाडीत त्यांनी त्सुशिमाची बातमी वाचली आणि ते हरखून गेले.

ते हरखणे मी कधी हलके मानणार नाही. गोरा माणूस हरत नाही ही समजूत तोवर हाडीमासी खिळली होती. १८१८ नंतर आपल्याकडे दोन-तीन पिढ्या मान खाली घालून वाढल्या. आणि एकाएकी कळले की आशियातल्या एका भातखाऊ देशाने युरोपातल्या सर्वांत अवाढव्य साम्राज्याचे आरमार दोन दिवसांत बुडवले. ते आरमारही किती लांबून आले होते! बाल्टिक समुद्रातून ऑक्टोबर १९०४ मध्ये निघाले, आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करला थांबले, मग मार्चमध्ये आपला हिंदी महासागर एकाही बंदराला न लागता ओलांडला. भर समुद्रात कोळसा भरायचा आणि जागा सापडेल तिथे साठवायचा, असे करत ८ एप्रिलला ते सिंगापूरवरून गेले. २७ आणि २८ मे रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानच्या अॅडमिरल तोगोने त्याचा निकाल लावला. अशी बातमी वाचून पुण्यातल्या एखाद्या मास्तराने घरात साखर वाटली असेल, तर त्या साखरेला नावे ठेवायला मी धजणार नाही.

आणि त्या हर्षातून काही फार चांगली कामे उभी राहिली. काहींना तर जपान आधीच दिसले होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत, पुण्याकडे असतानाच १८९८ मध्ये जपानला जाऊन आले होते. पुढे म्हैसूरचे दिवाण झाल्यावर शाळा, कारखाने, बँक यांची घाई त्यांनी केली, तिच्यामागे ते पाहणे होते. जमशेटजी टाटांनी बंगळुरूत जपानी तज्ज्ञ आणून रेशमाची शेती उभारली. दक्षिण बंगळुरूतला तो भाग आजही टाटा सिल्क फार्म म्हणून ओळखला जातो. तिकडे अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला आणि तिथे काच शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले, ते जपान आणि अमेरिका करून. एकेक पैसा गोळा करून उभी केलेली ती भट्टी हे मला त्या काळातले सर्वांत सुंदर स्मारक वाटते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर लष्करी विद्या शिकायच्या ध्यासाने घर सोडून जपानला आणि तिथून अमेरिकेला गेले, गदरच्या चळवळीत पडले, आणि दैवाने त्यांना मेक्सिकोत नेऊन सोडले. तिथे हा माणूस मक्याच्या नव्या जाती तयार करणारा शेतीशास्त्रज्ञ झाला. बंदूक शोधत निघालेल्याच्या हाती कणीस आले. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी त्यांना मान दिला.

एवढे मानून झाल्यावरही मला त्या टेकडीकडे जावेच लागते. पोर्ट आर्थरच्या वेढ्यातली ही टेकडी समुद्रसपाटीपासून २०३ मीटर उंच, म्हणून तिचे नावच २०३ मीटर टेकडी. तिच्यावरून सारे बंदर दिसत होते, म्हणून ती हवी होती. जपानी जनरल नोगीने नोव्हेंबर १९०४ च्या अखेरीस तिच्यावर माणसे सोडली. समोर मशीनगन, तारा, हातबॉम्ब. चढणाऱ्यांच्या प्रेतांवर मागचे चढत गेले. ५ डिसेंबरला टेकडी पडली. साऱ्या वेढ्यात जपानचे सत्तावन्न हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. नोगीचा थोरला मुलगा मे महिन्यात नानशानच्या लढाईत पडलाच होता. धाकटा ३० नोव्हेंबरला या टेकडीवर गेला. जानेवारी १९०५ मध्ये शरण आलेला रशियन सेनापती स्टेसेल नोगीला भेटला, तेव्हा त्याने मुलांबद्दल शोक व्यक्त केला आणि आपला घोडा नजर केला. सात वर्षांनी, १९१२ मध्ये, सम्राट मेइजींची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी नोगी आणि त्याच्या पत्नीने प्राण दिले. जगाने त्यात सम्राटावरची निष्ठा पाहिली. मला त्यात ती टेकडीही दिसते.

गोळ्यांनी मेलेल्यांची मोजदाद निदान विजयाच्या हिशेबात होते. जपानी फौजेत जे भाताने मेले त्यांना तेवढीही जागा मिळाली नाही. शिवाजीनगरच्या धान्यबाजारात तांदळाचे नमुने पितळी ताटल्यांत मांडलेले असतात. दुकानदार चिमूटभर दाणे तळहातावर घेतो, बोटाने पसरतो आणि दाखवतो: पाहा, कोंड्याचा मागमूस नाही. मी त्याच्याकडून सोना मसुरी घेतो. दाणा काचेसारखा लखलखीत. पलीकडच्या पोत्यात हातसडीचा, तांबूस, खरबरीत तांदूळ असतो. त्याला गिऱ्हाईक कमी, आता भाव मात्र दुप्पट. तो लखलखीत दाणा पाहिला की मला पोर्ट आर्थरपुढचे खंदक आठवतात. जपानी शिपायाला रोज सहा गो (गो हे तिकडचे माप) पांढरा तांदूळ मिळे. खेड्यातल्या गरिबाला घरी भातात जव मिसळावे लागत. फौजेत निर्भेळ पांढरा भात, ही त्याची इभ्रत होती. त्या भाताबरोबर कालवण जेमतेम, आणि कोंडा काढून टाकलेला. पाय सुजायचे, मग बधिर व्हायचे, मग काळीज थांबायचे. हा बेरीबेरी रोग. त्याने या युद्धात सुमारे २७ हजार जपानी शिपाई मेले.

आणि उपाय ठाऊक होता! आरमाराचा वैद्य ताकाकी कानेहिरो याने तो वीस वर्षांपूर्वी सिद्ध केला होता. ‘र्‍युजो’ नावाच्या जहाजावर ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. ताकाकीने १८८४ मध्ये दुसरे जहाज त्याच सफरीवर धाडले, खाणे तेवढे बदलले, आणि एकही माणूस मेला नाही. आरमार जव खाऊ लागले. लष्कराच्या वैद्यांनी मात्र ऐकले नाही. त्यांच्यात मोरी ओगाई होता, जपानच्या थोर लेखकांपैकी एक. हा रोग जंतूंचाच, असे त्याचे आणि त्याच्या वरिष्ठांचे मत. त्सुशिमाला तोगोची जहाजे लढत होती तेव्हा त्यांवरची माणसे धडधाकट होती याचे एक कारण मूठभर जव हे आहे. जमिनीवरच्या भावांना तो मूठभर जव मिळाला तो युद्ध संपत आल्यावर. शत्रूने न मारलेली ही २७ हजार माणसे. त्यांच्याबद्दल मला जो संताप येतो तो शंभर वर्षांनीही ओसरत नाही.

कमर्शियल स्ट्रीटच्या मागे, सराफांच्या गल्लीला लागून, सांगली जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका गलाईवाल्यांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली: भट्टी, मूस, चिमटा, टाकणखाराचा डबा, भिंतीवर विठ्ठल-रखुमाई. दुष्काळी माणदेशातून सोने-चांदी गाळायला देशभर पांगलेल्या माणसांपैकी ते एक. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी गेलो की ‘बसा की सर’ म्हणून स्टूल पुढे करतात. युक्रेनची लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्या मोबाइलवर सतत रणांगण चालू असते. एकदा मोडीचा डबा मुशीत ओतताना म्हणाले, ‘लढाई लागली की सोनं चढतंय, सर. सोनं चढलं की बाया मोड घिऊन येत्यात. लढाई तिकडं, आन् मंगळसूत्र हिकडं वितळतंय.’ मुशीत खरोखरच दोन वाट्या होत्या. त्या पिवळ्या पाण्यात बुडाल्या. मग त्यांनी मला विचारले, ‘तुमी कुणाच्या बाजूनं?’

१९०४ मध्ये हा प्रश्न मांचुरियातल्या शेतकऱ्याला विचारला असता तर? कारण रशिया आणि जपान यांचे हे युद्ध रशियातही झाले नाही आणि जपानमध्येही नाही. ते चीनच्या जमिनीवर झाले. चीनच्या सरकारने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले आणि लिआओ नदीच्या पूर्वेचा आपलाच मुलूख दोघांना लढायला मोकळा सोडला. ऑगस्ट १९०४ च्या अखेरीस लिआओयांगला दोन प्रचंड फौजा भिडल्या तेव्हा शेतांत काओलियांग उभे होते. काओलियांग म्हणजे जोंधळा, आपला जोंधळा, तिकडे दीड पुरुष उंच वाढणारा. त्यात पलटणीच्या पलटणी दडत, वाट चुकत, एकमेकांवर जाऊन आदळत. मारा करायला मोकळी जागा हवी म्हणून उभी पिके कापली, तुडवली. कणीस भरायला आलेला जोंधळा कोणी तुडवला तर काय होते, हे सोलापूर-मंगळवेढ्याच्या माणसाला सांगायला नको. मार्च १९०५ मध्ये मुकडेनला तर दोन्ही बाजू मिळून सहा लाखांच्या वर माणसे भिडली. त्या सहा लाखांची चूल, सरपण, गाडी, बैल, खेचर कुठून आले असेल? ज्याचे घर वाटेत होते त्याच्याकडून. आणि तो शेतकरी जपान्यांना रशियाचा हेर वाटायचा आणि रशियनांना जपानचा.

अशाच एका हेराचा शिरच्छेद १९०६ मध्ये सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत पडद्यावर दाखवला गेला. तास संपून वेळ उरला की युद्धाची चित्रे दाखवीत. वर्गात एक चिनी विद्यार्थी बसलेला. पडद्यावर त्याचाच देशबांधव गुडघ्यांवर, जपानी शिपायाची तलवार वर, आणि भोवती धडधाकट चिनी माणसे नुसती बघत उभी. वर्गाने टाळ्या पिटल्या. त्या विद्यार्थ्याने वैद्यकी सोडली आणि लेखणी धरली; तो पुढे लू शुन या नावाने चीनचा सर्वांत मोठा आधुनिक लेखक झाला. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. ती वाचताना मला पुण्या-मुंबईतल्या टाळ्या ऐकू येतात. आपल्या टाळ्यांना ते गुडघ्यांवर बसलेले माणूस दिसत नव्हते, हे खरे. पण ते तिथे होते.

बंगळुरूला ही गत नवी नाही. ही जमीनही पुन्हा पुन्हा दुसऱ्यांच्या लढाईची जागा झाली आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले आणि केंपेगौडांचे हे गाव त्यांच्या जहागिरीत गेले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवरायाला विकून टाकले. माणसांसकट, तळ्यांसकट. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने पेठ आणि मग किल्ला घेतला. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या जोडीला होत्या. त्याच साली भाऊंच्या फौजेतल्या घोडेस्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचे पीठ! आणि ते सावरायला मदत केली टिपूने. मराठी माणसाने ही गोष्ट दडवू नये. या शहरात राहताना तर नाहीच नाही.

आता १९०५ कडे परत यायला हवे, कारण मुख्य घाव तिथे आहे. १२ ऑगस्ट १९०५ रोजी, त्सुशिमाची साखर अजून तोंडात असताना, इंग्लंड आणि जपान यांनी लंडनमध्ये आपल्या दोस्तीचा करार नव्याने केला. १९०२ च्या करारात हिंदुस्थान नव्हता. या नव्या करारात आला. पूर्व आशिया आणि हिंदुस्थान इथले दोघांचे हक्क दोघांनी मिळून राखायचे, असे ठरले. कोरियात जपानने हवे ते करावे, इंग्लंडला मान्य. हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठी इंग्लंडने हवे ते करावे, जपानला मान्य. एकाच कागदावर कोरिया आणि हिंदुस्थान असे दोन्ही देश, त्या देशांतल्या कोणालाही न विचारता, अदलाबदल करावी तसे लिहिले गेले. ज्याच्या विजयाने आपण ताठ झालो तो जपान आपल्या बेडीचा जामीन राहिला. नोव्हेंबरमध्ये कोरियावर जपानचे संरक्षण लादले गेले आणि १९१० मध्ये कोरिया गिळला गेला. आपल्याकडे १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली. आणि ज्या दोघांनी एकमेकांची हजारो माणसे कापली त्या जपान आणि रशियाने ३० जुलै १९०७ ला गुप्त करार करून मांचुरियाची उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी केली. युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. टेकडीवरचे दोन्ही बाजूंचे मुडदे नीट कुजलेही नसतील.

महिन्याभराने, ३१ ऑगस्ट १९०७ ला, इंग्लंड आणि रशिया यांनीही इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांच्यापुरता समझोता केला. ज्या भीतीवर ब्लॅकपल्लीचा भात शिजत होता ती भीती एका सहीने बाजूला ठेवली गेली. फौज मात्र तशीच राहिली. ती कोणासाठी होती, हे हिंदुस्थानला पुढे चांगले कळले.

मग त्या काळात कोणालाच दिसले नव्हते का? काहींना दिसले होते, आणि ती माणसे मला आपली वाटतात. रशियन चित्रकार वासिली वेरेश्चागिन त्यांपैकी एक. हा माणूस मध्य आशियातल्या तुर्कस्तानच्या मोहिमेत स्वतः लढला आणि मग १८७१ मध्ये त्याने उजाड माळावर रचलेल्या कवट्यांच्या राशीचे चित्र काढले. झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सगळ्या थोर विजेत्यांना ते चौकटीवर लिहून अर्पण केले. १८७४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि पुन्हा १८८२ मध्ये. ताजमहाल रंगवला, हिमालय रंगवला, आणि मग तोफेच्या तोंडी बांधलेल्या हिंदी बंडवाल्यांचे ते भयंकर चित्र. लांबवर तोफांची रांग, प्रत्येक तोफेला पाठ टेकून बांधलेला एकेक माणूस, पुढच्या म्हाताऱ्याची मान एका बाजूला कललेली. आपल्या माणसांचे ते मरण एवढ्या जवळून कोणा हिंदी चित्रकाराने तेव्हा रंगवले नव्हते. १९०३ मध्ये तो जपानला गेला, तिथली देवळे आणि किमोनोतल्या बायका रंगवून आला. काही महिन्यांत युद्ध पेटले आणि तो पोर्ट आर्थरला, अॅडमिरल मकारोव्हच्या ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ जहाजावर पोहोचला. १३ एप्रिल १९०४ ला ते जहाज जपानी सुरुंगावर आदळले आणि काही मिनिटांत बुडाले. सहाशेंहून अधिक माणसे गेली; मकारोव्ह गेला, वेरेश्चागिनही गेला. मकारोव्हच्या मरणावर जपानी तरुण कवी इशिकावा ताकुबोकुने शोकगीत लिहिले. शत्रूच्या सेनापतीवर! त्याच सप्टेंबरात योसानो अकिकोने पोर्ट आर्थरच्या फौजेतल्या धाकट्या भावाला उद्देशून, तू मरू नकोस म्हणून विनवणारी कविता छापली आणि देशद्रोहाचा ठपका सोसला. टॉलस्टॉयने दोन्ही सरकारांना झाडणारा लेख जूनमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापला, आणि तोक्योतल्या ‘हेइमिन शिंबुन’ या समाजवाद्यांच्या पत्राने तो जपानीत आणला.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट आम्स्टरडॅमला घडली. १४ ऑगस्ट १९०४. पोर्ट आर्थरचा वेढा चालू आहे, लिआओयांगच्या जोंधळ्यात फौजा जमताहेत. आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेच्या व्यासपीठावर जपानचा कातायामा सेन आणि रशियाचा प्लेखानोव्ह शेजारी शेजारी बसले होते. दोघे उठले आणि साऱ्या सभागृहासमोर त्यांनी हात मिळवले. टाळ्या थांबेनात. त्याच परिषदेत मुंबईचे दादाभाई नौरोजी बोलायला उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर सरत आलेले. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस हिंदुस्थानची लूट आकड्यांनी सांगायला आला होता, आणि त्यांच्या मानासाठी सारे सभागृह उघड्या डोक्याने उभे राहिले. जपानी, रशियन आणि हिंदी एका छताखाली. कोणी कोणावर विजय मिळवायला आलेला नाही. आपल्या शालेय इतिहासात १९०५ चा जपानचा विजय एका ओळीत येतो: त्याने आशियाला जाग आली. ओळ खरी आहे. ती शिकवणाऱ्या मराठी मास्तरांना आणि बाईंना माझी विनंती आहे की तिच्याखाली आम्स्टरडॅमची ही ओळही फळ्यावर लिहा. त्या परिषदेत आपले दादाभाई होते हे मुलांना सांगा. आणि हेही सांगा की त्या दिवशी रशियनाचा हात हातात घेणारा तो जपानी कातायामा १९३३ मध्ये मॉस्कोत वारला, आणि त्याची रक्षा क्रेमलिनच्या भिंतीत ठेवलेली आहे.